अकरा पिवळे ठिपके

पिल्लाच्या मागे एक पांढरा धागा लोंबत होता. लांबी अर्धा मिलिमीटर असेल, म्हणजे पिल्लाच्या लांबीच्या सहाव्या भागाइतकी. जिताडा माशाचं सहा दिवसांचं पिल्लू काचेसारखं असतं. डोळे काळे, बाकी सगळं आरपार. ते जेवलेलं असलं की पोटात तपकिरी ठिपका दिसतो. या पिल्लाच्या पोटात काहीच नव्हतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली दुसरं पिल्लू घेतलं. त्यालाही तसाच धागा. तिसऱ्याला नव्हता, पण ते एका कुशीवर पडून स्वतःभोवती फिरत होतं.

"कितकी?" खिडकीबाहेरून शेवंतीवयनींनी विचारलं.

"दहातली आठ."

"काल तीन व्हती."

"हो."

टाकीच्या तळाशी साचलेली मेलेली पिल्लं वयनी नळीनं ओढून पांढऱ्या बादलीत घेत होत्या. बादलीत पिल्लं वेगळी दिसत नसत, नुसतं गढूळ पाणी दिसे. वयनींनी हात घालून ते पाणी एकदा ढवळलं आणि बादली दाराबाहेर नेऊन ठेवली.

ही चौथी बॅच होती. जूनपासून चार वेळा आम्ही तीन-तीन लाख अंडी टाकीत सोडली होती आणि चारही वेळा सहाव्या-सातव्या दिवशी हा धागा दिसला होता. आठव्या दिवशी टाकी रिकामी.

शिरवळीच्या खाडीवर आमचं केंद्र होतं. चार शेड, नऊ टाक्या आणि तिरोडकर सर. सरांनी आयुष्यभर मत्स्यशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावातल्या चौदा बायकांचा गट उभा करून हे केंद्र काढलं. बायकांनी खाडीत जाळ्यांचे पिंजरे बांधले होते. त्यात सोडायला जिताड्याची बोटभर पिल्लं हवी होती. बाहेरच्या राज्यातून आणलेली पिल्लं वाटेतच मरत, म्हणून ती इथेच काढायची. पिंजरे दोन वर्षं रिकामे होते. पैसे देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं होतं: या हंगामात पिल्लं खाडीत गेली नाहीत तर केंद्र बंद.

मी तिथे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली.

सर आले ते छत्री न मिटता खिडकीपाशीच उभे राहिले. "विदुला, तुझ्या त्या मायक्रोस्कोपला एकदा तरी चांगली बातमी द्यायला शिकव."

"आठ, सर. दहातली."

त्यांनी छत्री मिटली. झटकली. पुन्हा उघडली, मग पुन्हा मिटली. "कुठून येतंय हे?"

हाच प्रश्न मी तीन महिने स्वतःला विचारत होते. मी आल्यावर सगळं बदललं होतं. समुद्राचं पाणी आत घेतलं की त्यात क्लोरीन, चोवीस तासांनी क्लोरीन मारणारं औषध, मगच ते टाकीत. प्रत्येक बॅचनंतर टाक्या घासून कोरड्या. दारात पाय बुडवायला कुंड, हात बुडवायला घमेलं. नळ्या उकळलेल्या. माझ्या स्वच्छतेला केंद्रात सगळे हसत, पण पाळत. पिल्लं सोडण्याआधी मी टाकीचं पाणी तपासायचे तेव्हा हिरव्या माध्यमाच्या प्लेटवर एकही ठिपका नसे. त्या माध्यमावर व्हिब्रिओ जातीचे जिवाणू पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात वाढतात. पिल्लांना मारणारे तेच. सुरुवातीला शून्य, आणि सहाव्या दिवशी अख्खी प्लेट पिवळी, मोजण्यापलीकडची.

मग आत येत होते कुठून? मी एकेक वस्तू तपासत गेले आणि शेवटी एकच जागा उरली.

"ड्रम," मी म्हणाले.

शेडच्या मागे रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली एक निळा ड्रम होता. त्यात शेवंतीवयनी रोटिफर वाढवत. रोटिफर म्हणजे मिठाच्या कणाहून बारीक पोहणारा जीव. जिताड्याच्या पिल्लाचं तोंड तिसऱ्या दिवशी उघडतं तेव्हा त्यात मावणारा पहिला घास हाच. केंद्रातल्या बायका त्या पहिल्या घासाला उष्टावण म्हणत. माझे रोटिफर आतल्या स्वच्छ टाक्यांत वाढत, पण त्यांचं मूळ बियाणं त्या ड्रममधलंच होतं. ड्रम चार वर्षांत एकदाही धुतलेला नव्हता. आतल्या बाजूला शेवाळाचा बोटभर थर. जेवढं पाणी काढायचं तेवढंच खाडीचं पाणी घालायचं, वर रोटिफरांना खायला बारीक शेवाळाचं हिरवं पाणी आणि चिमूटभर यीस्ट, एवढीच त्याची देखभाल.

"काल ड्रमच्या पाण्याची प्लेट घातली होती," मी सरांना सांगितलं. "अकरा पिवळे ठिपके आहेत. बाकी कुठेच काही नाही. पाणी शून्य, हवेच्या नळ्या शून्य, हात शून्य. फक्त ड्रममध्ये आहेत."

"पण तू तर बियाणं धुऊन घेतेस."

"घेते. तरी येतायत. म्हणजे ड्रमचं पाणी थेट टाकीत जात असणार."

मी ते वाक्य कोणाकडे न बघता म्हणाले. टाकीशी ड्रमचा संबंध असलेलं माणूस एकच होतं.

सरांनी हाक मारली. शेवंतीवयनी पदराला हात पुसत आल्या. पंचेचाळिशीच्या, काटक, उजव्या हाताच्या दोन बोटांवर माशाच्या काट्याचे जुने व्रण. मी त्यांच्याच घरी पडवीतल्या खोलीत राहत होते.

"शेवंती, खरं सांग. पिल्लांच्या टाकीत ड्रमचं पाणी टाकतेस?"

"नाय."

"गेल्या वर्षी टाकायचीस."

"गेल्या वर्सा टाकलंय. बाय इल्यार त्येनी नको सांगितल्यान. मिया टाकूक नाय."

"एक तांब्याही नाही?"

"सायबानु, मिया नाय म्हणतंय मा?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी प्लेट हातात धरून उभी होते. अकरा ठिपके. मी म्हणाले, "दुसरा मार्गच नाही, सर."

शेवंतीवयनींनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही. बाजारात ओळखीच्या माणसानं वजनात मारावं आणि आपण काही बोलू नये, तसं काहीतरी त्या नजरेत होतं.

"तू काही दिवस घरी थांब, शेवंती," सर म्हणाले. "आणि तो ड्रम ओतून टाका."

"तुमका नको तर माका देवा."

"काय करणारेस त्याचं?"

"काय करूचा ता मिया बगतंय." त्यांनी हात घमेल्यात बुडवले, माझ्याच नियमानं, आणि पुसले. जाताना माझ्याजवळ थांबल्या. "बाय, तुमी आमच्या आंबोळ्येच्या टोपाचा केल्यात, तसाच हयसर केल्यात."

मला वाटलं, त्या टोमणा मारतायत.

टोपाची गोष्ट अशी. त्यांच्याकडे राहायला गेल्याच्या पहिल्या आठवड्यात, काहीतरी मदत करावी म्हणून मी मोरीतली सगळी भांडी घासली. त्यात एक ॲल्युमिनियमचा टोप होता, आतून पांढरट खरपुड्या धरलेला. मी तो राखेनं, मग पावडरीनं घासून आरशासारखा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोळ्यांचं पीठ फुगलं नव्हतं. त्यावर गुलाबी झाक आली होती आणि त्याला ओल्या चिंध्यांसारखा वास येत होता. शेवंतीवयनी तेव्हा पोट धरून हसल्या होत्या. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "आमच्या म्याडमनी टोपाचो जीव घेतल्यानी गो!" घरातली रीत होती की तो टोप नुसता पाण्यानं विसळायचा, कडेचं पीठ तसंच ठेवायचं. त्यांच्या सासूनंही तो कधी घासला नव्हता. मी माफी मागितली आणि ती गोष्ट विसरून गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेले तर निळा ड्रम मागच्या अंगणात, माडाच्या बुंध्याशी होता. हातगाडीच्या चाकांचे चर मातीत उमटले होते. माझं ताट नेहमीसारखं पडवीत आलं. भात, तारल्यांचं तिखलं, एक सोलकढीची वाटी. ताट ठेवताना त्या नेहमी काहीतरी बोलत. त्या दिवशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटत होतं, जेवण बंद केलं असतं तर बरं झालं असतं.

चौथी बॅच आठव्या दिवशी संपली. सरांनी टाकीत हात घालून पाहिला आणि तसाच थोडा वेळ पाण्यात ठेवला.

"थोरली उरलीय फक्त," ते म्हणाले.

थोरली म्हणजे आमची मादी. जिताडा आधी नर असतो आणि कित्येक वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो. आमच्याकडच्या सहा माशांत मादी झालेली ती एकटी. नऊ किलोची, डाव्या डोळ्यावर पांढुरका डाग. शेवंतीवयनींच्या हातून तारली खायची, दुसऱ्या कुणी हात पुढे केला तर तळाशी जायची. वयनी गेल्यापासून ती दोन दिवस जेवली नव्हती.

"आता एकच वेळ अंडी देईल ती," सर म्हणाले. "ती बॅचही गेली की मी संस्थेला कळवतो. पिंजरे सोडवायला सांगतो बायकांना. थोरलीला बाजार दाखवावा लागेल." ते हसायचा प्रयत्न करत होते. "एवढी मोठी आहे, कोणाच्या तरी लग्नात शोभेल."

मी प्रयोगशाळेत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच आवरलं नाही. माझा नियम होता: प्लेट चोवीस तासांनी वाचायची, नोंद करायची, आणि उकळून फेकायची. जुनी प्लेट टेबलावर ठेवणं मला सहन होत नसे. त्या दिवशी सगळ्या, पुरावा म्हणून ठेवलेल्या ड्रमच्या प्लेटसकट, तशाच टाकून मी खुर्चीत बसून राहिले, आणि पुढचे दिवस त्या खोलीत गेलेच नाही. थोरलीनं अंडी द्यावीत म्हणून तिला इंजेक्शन द्यायचं होतं, टाक्या घासायच्या होत्या, पाण्यात क्लोरीन टाकायचं होतं. हात काम करत होते.

पाचव्या दिवशी पेन आणायला मी आत गेले.

हिरव्या प्लेट तशाच होत्या. त्यांच्या शेजारी साध्या माध्यमाच्या प्लेट होत्या. त्यावर सगळ्या प्रकारचे जिवाणू वाढतात. मी त्या दर वेळी सवयीनं घालत असे आणि चोवीस तासांनी वाचत असे. पिल्लांच्या टाकीच्या प्लेटवर मोठे, ओलसर, पसरट ठिपके होते. एकाच जातीचे. ते मला ओळखीचे होते, व्हिब्रिओच.

ड्रमची प्लेट मी उजेडाकडे धरली. चोवीस तासांनी ती जवळजवळ रिकामी होती, हे मला नक्की आठवत होतं. आता तिच्यावर जागा उरली नव्हती. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, दाटीवाटीनं. नारिंगी, दुधी, फिकट गुलाबी, राखाडी, काही पारदर्शक. एकमेकांना चिकटून, पण एकानंही दुसऱ्याच्या अंगावर पसरायला जागा घेतलेली नाही. हळू वाढणारे. त्यांना उगवायला तीन-चार दिवस लागतात, आणि मी त्यांना कधीच एका दिवसाहून जास्त वेळ दिला नव्हता.

आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी प्लेट सात दिवस फेकू देत नाही. का, ते सांगत नाही.

मी घरी गेले. दुपारचे दोन वाजले असतील, वयनी कुठेतरी गेल्या होत्या. ड्रममधलं पाणी बाटलीत घेतलं, परत आले, नवी हिरवी प्लेट घातली. दुसऱ्या दिवशी मोजली. नऊ. पुन्हा घातली. बारा.

आठ-नऊ दिवस ड्रममध्ये ते अकराच होते. कमी-जास्त एक-दोन. तेच जिवाणू, तेच खाणं, तेवढीच ऊब. आणि माझ्या स्वच्छ टाकीत तेच सहा दिवसांत शून्याचे मोजण्यापलीकडे गेले होते. माझ्या टाकीतही ते येणारच होते, कारण रोटिफरच्या अंगावरून ते येतात, कितीही धुतलं तरी एखादा राहतोच. फरक एवढाच की ड्रममध्ये त्यांना बसायला जागा नव्हती. माझ्या टाकीत दुसरं कुणीच नव्हतं. ते मी आधीच मारून ठेवलेलं होतं.

मी खुर्चीवर बसले. मग उठले आणि हात धुतले. मग माझ्या लक्षात आलं की मी हात धुतेय.

त्याच दिवशी पहाटे थोरलीनं अंडी दिली होती. दोन लाख ऐंशी हजार. सरांनी फोन करून ते आकडे दोनदा सांगितले. "पाणी झालंय ना? क्लोरीन मारलंस?"

"हो," मी म्हणाले. ते खरं होतं.

त्यानंतर तीन दिवस होते. पहिल्या दिवशी अंड्यातून पिल्लं बाहेर आली. दुसऱ्या दिवशी ती पोटाशी बांधलेल्या पिवळ्या बलकावर जगतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडतं आणि उष्टावण होतं. त्याआधी टाकीत ड्रमचं पाणी गेलं, तर आधी गर्दी होईल आणि मग घास येईल. नंतर गेलं तर उपयोग नाही. हे सगळं मी वहीत लिहून काढलं. खाली लिहिलं: पुरावा नाही. एक ड्रम, एक टाकी, उशिरा वाचलेली एकच प्लेट. कोणत्याही परीक्षकानं हे फेकून दिलं असतं. मीही दिलं असतं.

आणि हे चूक निघालं तर शेवटची बॅच मी मुद्दाम घाण पाण्यानं मारली, असं होणार होतं. बरोबर निघालं तर आधीच्या चार मी मारल्या, असं. सरांसमोर दोनदा जाऊन मी हवामानाबद्दल बोलून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. वयनी चुलीपाशी होत्या. बिड्यावर, जाड लोखंडी तव्यावर, आंबोळी फुगत होती, तिला बारीक जाळी पडत होती.

"वयनी, एक विचारू?"

"आता इचारतास?" त्यांनी मान वर केली नाही.

"गेल्या वर्षी किती टाकत होता? ड्रमचं पाणी."

त्यांनी आंबोळी उलटली. "दोन बालदी. उष्टावणाच्या आदल्या दिसापास्ना. रोज सकाळी दोन."

"आणि पिल्लं?"

"शेकड्याक बावीस वाचली. सायबानी पेढे वाटल्यानी. मगे वादळात लायट गेली, हवा बंद पडली, बोटभर होवच्या आदीच सगळी गेली." त्या थांबल्या. "तुमी इलास, म्हणालास घाण. मिया बंद केलंय. तुमी शिकलेल्या, तुमका म्हायत आसतला."

"आणि एकदाही टाकलं नाही?"

आता त्यांनी वर पाहिलं. "एकदाय नाय. तुमचा आयकलंय, म्हणान चोर झालंय मिया."

बिड्यावरची आंबोळी करपायला लागली होती. त्यांनी ती काढली, ताटलीत ठेवली आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही आंबोळीच्या टोपाचं म्हणालात तेव्हा मला कळलं नाही," मी म्हणाले.

"ह्यात कळूचा काय आसा? टोप लख्ख घासलो, मगे त्यात जागाच जागा. आणि पयलो घुसता तो वायटच. बरे लोक घाय करनत नाय."

एम.एस्सी. आणि संशोधन मिळून चार वर्षांत मी जे शिकले होते ते त्या वाक्यात होतं, आणि माझ्या कुठल्याही पुस्तकात ते मी तसं वाचलं नव्हतं.

"वयनी, उद्या ड्रम घेऊन याल? पहाटे सर यायच्या आधी ओतू आपण. कुणाला कळणार नाही."

त्या उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. त्या एवढ्या शांत बोलल्या की मला आणखी भीती वाटली.

"चोरून मिया येवचय नाय. माका दाराभायर घातलास ता सायबासमोर. चोर म्हणान. आत घेतलास तर सायबासमोर घेवा."

"पण सरांनी नाही म्हटलं तर? पिल्लं मरतील."

"मरतली." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "थोरली पण जातली. माका म्हायत नाय, आसा वाटता तुमका? माझ्या हातार खाता ती." मग त्या वळल्या आणि बिड्यावर नवं पीठ घातलं. "मिया गाडी घेवन फाटकाशी उबी ऱ्हातंय. फुडचा तुमी बगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी टाकीपाशी होते. पाऊस थांबला होता. टाकीतलं पाणी एवढं स्वच्छ होतं की तळाचे स्क्रू दिसत होते. त्यात धुळीसारखी पिल्लं तरंगत होती. मी नळीनं पाच उचलली आणि काचपट्टीवर घेतली. पाचही जणांची तोंडं उघडली होती. एक जण पाण्यात पुन्हा पुन्हा तोंड मिटत होता, काहीतरी पकडायचा प्रयत्न करावा तसा. तिथे पकडायला काही नव्हतं.

फाटकाशी हातगाडी उभी असलेली मला खिडकीतून दिसत होती. निळ्या ड्रमवर ओलं गोणपाट टाकलेलं. वयनी गाडीचा दांडा धरून उभ्या होत्या, आत न बघता.

सर आले. आज छत्री नव्हती. दाढी केलेली नव्हती.

"उघडलं तोंड?"

"उघडलं."

"सगळ्यांचं?"

"पाच पाहिली. पाचही."

त्यांनी श्वास सोडला. माझ्या पायाशी बादली होती, धुऊन घेतलेल्या रोटिफरांची. "मग सोड की. कशाची वाट बघतेस?"

मी बादली उचलली. ती जड नव्हती. टाकीच्या काठावर टेकवली. पाण्याचा वास आला नाही. माझ्या पाण्याला कधी वास येत नसे.

"विदुला?"

सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्यांना गाडी दिसली. "ही कशाला आलीय? तिला मी सांगितलं होतं ना? आणि तो ड्रम? विदुला, मी हिला आत्ताच—" ते दाराकडे वळले.

"सर, थांबा."

मी सरांशी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. ते दारात थांबले. फाटकाशी वयनींनी मान वळवली.

मी बादली खाली ठेवली. वही उघडली होती, पण तिच्यातलं मी काहीच वाचलं नाही. प्लेट खिशात होती, तीही काढली नाही. पाण्यात त्या पाच पिल्लांपैकी कुणी अजून तोंड मिटत-उघडत असेल, असा विचार मनात आला.

मी खिडकीकडे तोंड केलं, फाटकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

"सर, चारही बॅच माझ्या हातानं गेल्या. माझ्या क्लोरीननं. वयनींनी टाकीत एक थेंबही टाकला नव्हता. आता टाकतील."